आईचे दूध आणि समाजाचे देणे

आईचे दूध हा विषय वैद्यांचा, फार तर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा. इतिहासाच्या व्याख्यानात त्याचे काय काम, अशी शंका काहींच्या मनात येईल. राजे, लढाया, तह आणि क्रांत्या यांच्या पंक्तीला हा घरगुती विषय बसवलेला पाहून कोणी हसेलही. परंतु ज्या गोष्टीवर पिढ्यान्‌पिढ्या लक्षावधी जीवांचे जगणे-मरणे ठरत आले, तिला इतिहास नाही असे कसे म्हणावे? किंबहुना हा इतिहास इतका नजरेआड राहिला म्हणूनच त्यातल्या चुका माणसाने पुन्हा पुन्हा केल्या, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडे आईच्या दुधाचा विषय निघाला की हिरकणीचे नाव ओठांवर येते. संध्याकाळी रायगडाचे दरवाजे बंद झाले, तान्हे मूल खाली घरी राहिले, आणि ही गवळण अंधारात उभा कडा उतरून गेली, ही आख्यायिका लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. आपण तिच्या मायेचे कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. पण या कथेत दुसराही एक धडा आहे. त्याकडे आपले लक्ष जात नाही. आईची माया कमी पडली नव्हती. दरवाजा बंद होता. स्तन्यपानाचा सारा इतिहास तपासून पाहिला तर हेच दिसते की, मुलाच्या तोंडचे दूध जेव्हा जेव्हा तुटले, तेव्हा तेव्हा बहुधा कोठे तरी दरवाजा बंद झाला होता. कधी तो चालीरीतीने लावला, कधी गिरणीच्या भोंग्याने, तर कधी व्यापाऱ्याच्या जाहिरातीने. आणि दोष मात्र दर वेळी आईच्याच पदरात पडला.

प्रथम प्राचीनांचे मत पाहू. आपल्या वैद्यांनी स्तन्याची थोरवी ओळखली होती यात शंका नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात बाळाच्या पोषणाचा विचार आहे, दूध पाजणारी धात्री कशी असावी याची लक्षणे आहेत. परंतु त्याच ठिकाणी असेही सांगितले आहे की, प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरते आणि तोवर बाळाला मध व तूप चाटवावे. इकडे हे, तर तिकडे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोमला वैद्यकी करणारा सोरेनस हा ग्रीक वैद्य सांगत होता की, बाळंतिणीचे दूध वीस दिवसांपर्यंत जड असते, तोवर दुसऱ्या बाईचे पाजावे. एकमेकांपासून हजारो कोस दूर असलेल्या या दोन परंपरांनी पहिल्या दिवसांतले ते पिवळसर, दाट दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते जवळजवळ सारख्याच रीतीने बाजूला सारले. आपल्या खेड्यापाड्यांतून तो चीक पिळून टाकण्याची चाल आमच्या काळापर्यंत चालत आली.

त्या चिकात काय होते, हे कळायला १८९२ साल उजाडावे लागले. जर्मनीत पाउल एर्लिख या शास्त्रज्ञाने उंदरांवर एक साधा पण मोठा मार्मिक प्रयोग केला. एरंडाच्या आणि गुंजेच्या बियांत जहाल विष असते, हे आपल्याला माहीत आहे. एर्लिखने काही माद्यांना ही विषे थोडी थोडी देऊन ती पचवण्याची ताकद त्यांच्यात आणली. मग नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची त्याने अदलाबदल केली; साध्या मादीची पिल्ले या मादीच्या अंगावर आणि हिची त्या मादीच्या अंगावर. तेव्हा असे दिसले की, साध्या आईच्या पोटी जन्मलेली पिल्ले केवळ या दाईचे दूध पिऊन विषाला पुरून उरली. दूध म्हणजे नुसते अन्न नव्हे. आईने रोगांशी झुंजून जे कमावले, त्याचा काही वाटा दुधातून लेकराला पोहोचतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. पुढे १९६१ च्या सुमारास स्वीडनमधील लार्स हान्सन यांनी मानवी दुधातील रोगप्रतिकारक द्रव्यांचा शोध घेतला. ही द्रव्ये बाळाच्या आतड्याच्या आतल्या बाजूवर जणू पहारा देतात आणि हगवणीच्या जंतूंना थारा देत नाहीत. चिकात त्यांचे प्रमाण सर्वांत अधिक असते. म्हणजे ज्या दिवसांत बाळ अगदी उघडे, त्याच दिवसांत निसर्गाने त्याच्यासाठी हे कवच ठेवले, आणि आम्ही माणसे ते फेकून देत राहिलो!

आता अठराव्या शतकातील पॅरिसकडे वळू. तेथील पोलीस खात्याचा प्रमुख लन्वार याने १७८० साली एक अंदाज दिला आहे. शहरात वर्षाला सुमारे २१,००० मुले जन्मत. त्यांपैकी सुमारे १,००० मुलांना आया स्वतः पाजत, आणखी १,००० मुलांसाठी घरी दाई ठेवली जाई, आणि उरलेली सुमारे १९,००० मुले दूर खेड्यापाड्यांत भाड्याच्या दायांकडे धाडली जात. गाड्यांत दाटीवाटीने घालून पाठवलेली ही अर्भके किती परत येत? कित्येक वाटेतच जात आणि कित्येक दाईच्या झोपडीत. दाईचे स्वतःचे मूल तर कोणाच्या खिजगणतीतच नसे.

हे सारे सरदारघराण्यांतील बायकांच्या नखऱ्यांमुळे झाले, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. मोठ्या घरांत दाई ठेवणे हा प्रतिष्ठेचा भाग होता, हे खरे. परंतु १९,००० मुले काही सरदारांची नव्हती. ती विणकर, न्हावी, खाटीक, छोटे दुकानदार यांची होती. लियाँ शहरात रेशमी कापड विणणाऱ्याची बायको मागाशेजारून उठली तर त्या दिवसाची भाकर बुडे. दाईला द्यायची रक्कम तिच्या कमाईपेक्षा कमी पडे म्हणून मूल दाईकडे जाई. हिशेब मायेचा नव्हता, पोटाचा होता.

या काळात आईनेच मुलाला पाजावे, असे सांगणारे पुरुष थोडे झाले नाहीत. इंग्लंडात विल्यम कॅडोगन या डॉक्टराने १७४८ साली लंडनच्या अनाथबालकाश्रमाच्या चालकांना उद्देशून बालसंगोपनावर निबंध लिहिला. स्वीडनमध्ये लिनीअसने १७५२ साली दाईप्रथेवर टीका केली, आणि १७५८ साली प्राणिसृष्टीचे वर्ग पाडताना ज्या वर्गात माणूस येतो त्याला त्याने स्तनांवरूनच नाव दिले. आपण ज्यांना सस्तन प्राणी म्हणतो, ते हेच. १७६२ साली रूसोचा 'एमिल' आला आणि पॅरिसच्या उच्चकुलीन स्त्रियांत मुलाला अंगावर पाजण्याची जणू लाटच आली. आता रूसोविषयी सांगावयाचे तर, त्याने स्वतःची पाचही मुले जन्मतःच अनाथाश्रमात धाडली होती! त्याची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. पण आईला उपदेश करणे किती सोपे आणि तिच्यासाठी काही करणे किती अवघड, याचे याहून बोलके उदाहरण इतिहासात सापडणे कठीण.

त्याच सुमारास एका नाटककाराने मात्र वेगळी वाट धरली. बोमार्शे याचे 'फिगारोचे लग्न' हे नाटक १७८४ साली पॅरिसमध्ये तुफान गाजले. त्याच्या पन्नासाव्या प्रयोगाचे उत्पन्न त्याने गरीब आयांना मदत म्हणून देऊ केले, आणि लियाँ शहरात अशी एक संस्था उभी राहण्यास हातभार लावला. ही संस्था गरीब आईला पैसे देई, ते तिने आपलेच मूल आपल्या अंगावर पाजावे म्हणून. नाटकाच्या प्रयोगावर शाळा-इस्पितळे उभारण्याची परंपरा आपल्या मराठी रसिकांना नवी नाही. त्यांना ही गोष्ट विशेष आवडावी. आमच्या मते रूसोच्या साऱ्या उपदेशापेक्षा बोमार्शेच्या या थैलीत प्रश्नाची समज अधिक होती. पुढे १८७४ साली फ्रान्सने कायदा करून, पैसे घेऊन परक्याकडे ठेवलेल्या दोन वर्षांखालील मुलांवर सरकारी देखरेख आणली.

इतक्यात युग पालटले. मागाची जागा गिरणीने घेतली. इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात हजारो बायका सूतगिरण्यांत जाऊ लागल्या. बाळंतीण उठली की थोड्याच दिवसांत कामावर हजर होई. मूल शेजारणीकडे किंवा थोरल्या बहिणीकडे राही. त्याला पाण्यात भिजवलेला पाव मिळे, आणि ते रडू लागले की 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचे अफूमिश्रित औषध. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, कापूस येणे थांबले आणि गिरण्या बंद पडल्या. घरोघर उपासमार सुरू झाली. सरकारने एडवर्ड स्मिथ या डॉक्टराला पाहणीसाठी धाडले. त्याने एक विलक्षण गोष्ट नोंदवली: काम नसल्यामुळे आयांना आता मुलांना अंगावर पाजण्यास फुरसत मिळत होती आणि अफूचे विष मुलांच्या पोटात जाणे कमी झाले होते. आईच्या पोटात अन्न कमी, तरी मूल तिच्यापाशी होते! कार्ल मार्क्सने आपल्या 'कॅपिटल' या ग्रंथात हे निरीक्षण मुद्दाम नमूद केले आहे. १८७०-७१ साली जर्मनांनी पॅरिसला वेढा घातला तेव्हाही, मोठी माणसे मरत असता तान्ह्या मुलांचे मृत्यू मात्र घटले, असे जॉर्ज न्यूमन या इंग्रज आरोग्याधिकाऱ्याने १९०६ च्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे.

या कापूस-दुष्काळाचे दुसरे टोक आपल्याच दारात होते. लँकेशायरला अमेरिकेचा कापूस मिळेना म्हणून आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि १८६५ साली तो ओसरला. पण १८५४ सालापासून रोवली गेलेली गिरण्यांची मुळे खोल गेली. कोकणातून, घाटावरून बायका गिरणीत आल्या, आणि लँकेशायरची कहाणी परळ-लालबागच्या चाळींत जशीच्या तशी पुन्हा घडू लागली. गॉडफ्रेच्या औषधाच्या जागी येथे बाळगोळी होती. तिच्यातही अफूच. सरकारने नेमलेल्या डॉक्टर बार्न्स या बाईंनी १९२२ साली मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नमूद केले. मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, अशी आपल्यात म्हण आहे. अफूने निजवलेले मूल रडणार तरी कसे? त्या आयांना कोणी निर्दय म्हणेल काय? दहा-दहा तास साच्यावर उभी राहणारी बाई आपले मूल निजलेले राहावे एवढीच इच्छा करू शकत होती.

या मुक्या मुलांच्या वतीने अखेर कोणी तरी बोलले. १९२८ च्या जुलै महिन्यात मुंबईच्या कायदे कौन्सिलात स्त्री कामगारांना प्रसूतिकाळी भत्ता देण्याच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्याचा भार बव्हंशी सरकारनेही उचलला पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९२९ साली मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा झाला. या देशातला तो असा पहिला कायदा. मात्र खर्च पडला तो एकट्या मालकाच्या माथी. यंत्रसुधारणा, रात्रपाळीवरील बंदी आणि हा खर्च, अशा अनेक कारणांनी पुढील दशकांत गिरण्यांतील स्त्रियांची संख्या घटत गेली. देणे साऱ्या समाजाचे असता ते एकाच्याच खात्यावर टाकले, म्हणजे तो ते टाळण्याची वाट शोधतो, हा धडा येथे मिळाला. तो अजून आपण पुरता गिरवलेला नाही.

तिसरा दरवाजा जाहिरातीचा. १८६० नंतरच्या दशकात रसायनशास्त्रज्ञ लीबिखने बालकांसाठी आहार तयार केला. १८६७ साली स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले यांनी दूध आणि पिठाचे बालान्न बाजारात आणले. ज्या मुलाला आई नाही, दाई नाही, त्याच्यासाठी ही मोठी सोय होती हे आम्ही नाकारत नाही. शुद्ध पाणी, उकळलेली बाटली आणि पुरेसे पैसे असतील तेथे अशा दुधावर मुले वाढतात. काही आयांना आजारामुळे किंवा औषधांमुळे पाजता येत नाही. त्यांना अपराधी ठरवणे क्रूरपणाचे होईल. परंतु हाच डबा जेव्हा विहिरीचे गढूळ पाणी आणि रोजची मजुरी असलेल्या घरात शिरला, तेव्हा पावडर पुरावी म्हणून पाणी वाढले, आणि त्या पाण्याबरोबर हगवणही आली.

हे पहिल्यांदा निर्भीडपणे सांगितले ते सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी. आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्ये मुलांच्या कुपोषणाचा 'क्वाशिओर्कोर' हा प्रकार १९३३ साली त्यांनी वैद्यकाच्या ध्यानी आणून दिला होता. १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबात त्यांचे व्याख्यान झाले. समोर शहरातील प्रतिष्ठित मंडळी बसली होती, आणि बाईंनी विषय घेतला तो 'दूध आणि खून'! चुकीच्या प्रचाराने मुलांना अयोग्य दुधावर लावून जे मृत्यू घडवले जातात, त्यांना खूनच म्हटले पाहिजे, असे त्या म्हणाल्या. त्या शब्दांचा परिणाम दिसायला तीन-चार दशके गेली. १९७४ साली इंग्लंडातील 'वॉर ऑन वाँट' या संस्थेने या व्यापाराविरुद्ध पुस्तिका काढली, बहिष्काराची चळवळ उठली, आणि १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेत बालदुधाच्या विक्रीला शिस्त लावणारी संहिता ११८ विरुद्ध १ मताने संमत झाली. विरुद्ध पडलेले ते एक मत अमेरिकेचे होते. भारताने १९९२ साली आपला कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. बालदुधाची जाहिरात, फुकट नमुने आणि डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र, या सर्वांना त्याने मनाई केली.

येथवर आम्ही बाळाविषयी बोललो. आईचे काय? १७१३ साली निघालेल्या आपल्या ग्रंथाच्या आवृत्तीत इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्याने नोंदवले होते की, मठातील जोगिणींत स्तनाचा कर्करोग अधिक आढळतो. त्याचे कारण त्याला नीट उलगडले नव्हते. १९२६ साली इंग्लंडात जॅनेट लेन-क्लेपॉन या विदुषीने हा रोग झालेल्या सुमारे ५०० स्त्रिया आणि न झालेल्या तितक्याच स्त्रिया यांची तुलना केली. ज्यांना मुले कमी झाली किंवा ज्यांनी पाजले नाही, त्यांच्यात रोग अधिक, असे तिला दिसले. २००२ साली ३० देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून सुमारे दीड लाख स्त्रियांची माहिती तपासली गेली, तेव्हा हिशेब असा निघाला की, आईने आयुष्यात जितकी वर्षे पाजले, त्यातील दर वर्षामागे या रोगाचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो. याखेरीज बाळ अंगाला लागले की गर्भाशय आकसते आणि रक्तस्राव आवरण्यास मदत होते. पहिले सहा महिने केवळ अंगावर पाजले आणि पाळी परतली नसेल, तर पुन्हा दिवस राहण्यापासून ९८ टक्के संरक्षण मिळते, असे १९८८ साली इटलीत बेलाजिओ येथे जमलेल्या तज्ज्ञांनी ठरवले. म्हणजे आई मुलाला पाजते तो एकतर्फी त्याग आहे, ही कल्पना खरी नव्हे. हे देणे-घेणे दोघांच्याही हिताचे आहे. २०१६ साली तज्ज्ञांनी केलेल्या अंदाजाप्रमाणे, जगभर स्तन्यपान नीट रुजले तर दर वर्षी ८ लाख २३ हजार मुलांचे आणि २० हजार मातांचे प्राण वाचतील.

या कार्यात महाराष्ट्र मागे राहिलेला नाही. १९८९ साली शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी निघाली. एका आईचे जास्तीचे दूध निर्जंतुक करून दुसऱ्या आईच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पाजणारी ही पेढी म्हणजे दाईप्रथेतील सौदा वगळून राहिलेली माणुसकीच होय. स्तन्यपानाच्या प्रसारासाठी देशभर काम करणारी संस्था १९९१ साली वर्धा येथे स्थापन झाली. बसस्थानकांवर आता हिरकणीच्या नावाने कक्ष दिसतात.

असे असूनही आकडे काय सांगतात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात शंभरांपैकी सुमारे ८९ बाळंतपणे दवाखान्यांत झाली; पण जन्मल्यापासून तासाभरात आईचे दूध मिळाले ते शंभरांतील सुमारे ४२ बाळांनाच. आईही तेथेच, डॉक्टरही तेथेच, आणि दूध मात्र वेळेवर नाही! म्हणजे या वेळचा दरवाजा दवाखान्यातला आहे. शस्त्रक्रियेनंतर आईला एकीकडे आणि बाळाला दुसरीकडे ठेवणे, तासाभरात बाळ छातीशी द्यायला हात मोकळे नसणे, घरच्यांनी कौतुकाने मध चाटवणे. यातली कोणतीही गोष्ट आईच्या हातातली नाही.

कायद्यानेही बरीच मजल मारली. १९६१ च्या कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईतो पाजण्यासाठी कामातून दोन विश्रांती दिल्या, २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी उतरल्या. पण त्यांचा खरा लाभ हजेरीपटावर नाव असणाऱ्या स्त्रीला. मंडईत भाजीची पाटी घेऊन बसणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, उसाच्या फडात कोयता चालवणारी, बांधकामावर घमेली वाहणारी आई कोणाच्या पटावर आहे? तिला २६ आठवडे कोण देणार? सहा महिने निव्वळ आईचे दूध आणि पुढे इतर अन्नाबरोबर दोन वर्षेपर्यंत, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला तिलाही कोणी तरी सांगतेच. तो ऐकून ती मान हलवते, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाते.

पॅरिसच्या विणकरणीपासून लालबागच्या गिरणीवालीपर्यंत आणि तेथून आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईपर्यंत हा धागा अखंड आहे. तिला मातृत्वाचा महिमा ऐकवण्याची गरज नाही. तो तिला आपल्याहून अधिक ठाऊक आहे. तिला हवी आहे बाळंतपणानंतरची पगारी रजा, कामाच्या जागी मूल ठेवण्यास सावली, दोन वेळचे सकस जेवण आणि पाजायला बसली असता तिच्याकडे न रोखलेली नजर. यातील काही गोष्टी सरकारने करायच्या आहेत, आणि त्या मागत राहणे हे आपले काम आहे. पण काही गोष्टींना सरकार लागत नाही. ज्याच्या घरी कामाला बाई येते, ज्याच्या दुकानात मुली आहेत, ज्याच्या इमारतीवर मजूर आहेत, अशा प्रत्येकाच्या हाती एकेका दरवाजाची कडी आहे. ती आज रात्री घरी गेल्यावरही काढता येईल.